आजवर खात आलोय, मग आत्ताच कसं?

दापोलीजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र थोडक्यात असं:

"आमचे हे छत्तीस वर्षांचे. घरात लहानपणापासून मासे, आणि हर्णैच्या लिलावातली कोळंबी म्हणजे यांचा जीव की प्राण. गेल्या महिन्यात रात्री कोळंबीभात जेवले आणि दहा मिनिटांत तळहात खाजायला लागले. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसले. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय. त्यांनी आमसुलाचं पाणी प्यायला दिलं, अंगालाही लावलं. छातीतून सूं सूं आवाज यायला लागला तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आल्या आल्या मांडीत इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि यापुढे कोळंबी बंद म्हणाले. त्या दिवशी दुपारी यांनी कंबरदुखीची गोळी घेतली होती. दिवाळीनंतरही एकदा कोळंबी खाऊन घसा खाजला होता, मानेवर चार गांधी आल्या होत्या, पण तेव्हा पित्तच वाटलं. आता हे म्हणतात, आजवर खात आलोय, मग आत्ताच कसं? थोडी खाऊन बघतो. सासूबाई म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झालीय, काढा सुरू करा. मुलगी सहा वर्षांची आहे, कोळंबी आवडीने खाते, तिची बंद करू का? बाकीच्या माशांचं काय?"

प्रिय ताई,

बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हाला लिहायला बसले, ते 'थोडी खाऊन बघतो' या वाक्यामुळे. हे होऊ देऊ नका. एक घास नाही, कालवणात बोट बुडवून चाखणंही नाही. त्यांना झालं ते पित्त नव्हतं. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲलर्जी एकाच वेळी सगळ्या शरीरभर पेटते आणि त्यात माणूस दगावू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता नेमकं हवं तेच केलं.

तरी यजमानांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना नुसतं 'बंद' म्हणून चालणार नाही. कारण कळलं नाही तर माणूस कधीतरी लग्नाच्या पंगतीत चोरून खातोच. 'आजवर खात आलोय' हे ते कोळंबी निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून सांगताहेत. पण ॲलर्जी व्हायला आधीची ओळख लागतेच. जो पदार्थ, किंवा त्याच्यासारखं दुसरं काही, शरीराने पूर्वी पाहिलेलंच नाही, त्यावर शरीर असं उसळत नाही.

ही गोष्ट डॉक्टरांनाही सहज कळलेली नाही. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या डंख मारणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी सी ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्रजीवाचं विष कुत्र्यांना थोडं थोडं टोचून पाहिलं. हळूहळू सवय होऊन कुत्र्यांना विष बाधेनासं होईल, ही अपेक्षा. लस अशीच काम करते ना! पण पहिला डोस पचवून ठणठणीत राहिलेल्या एका कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा तसाच थोडा डोस दिला, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण मिळायच्या ऐवजी उलटंच झालं होतं. म्हणून त्यांनी १९०२ मध्ये त्याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे संरक्षणाच्या उलट, हे नाव दिलं. रिशे यांना या कामासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये आणला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातलं औषध टोचलेली मुलं दुसऱ्या वेळी जास्त लवकर आणि जास्त जोरात आजारी पडतात, हे तो पाहत होता.

तुमच्या घराशी जवळची गोष्ट मात्र १९२१ ची आहे. जर्मनीत हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा चालत नसे. त्याच्या रक्तातला द्रव त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याने स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला. प्राउस्निट्झला माशाचा काहीही त्रास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि बघता बघता तिथे गांध उठली. दोष माशात नव्हता आणि पोटातही नव्हता. क्युस्टनरच्या रक्तात असं काहीतरी होतं, जे दुसऱ्याच्या अंगात घातलं की ॲलर्जीही सोबत जात होती. ते काय, हे सापडायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी, वेगवेगळं काम करून ते शोधलं. एक प्रतिपिंड, म्हणजे परक्या गोष्टीला पकडायला शरीर बनवतं ते प्रथिन. त्याचं नाव आयजीई. रक्तातल्या सगळ्या प्रतिपिंडांत हा सर्वांत कमी असतो, म्हणून इतकी वर्षं हाती लागला नाही.

तर यजमानांच्या अंगात काय झालं असेल ते सांगते.

कोळंबीच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. कोळंबीच्या ॲलर्जीत मुख्य गुन्हेगार बहुतेकदा तेच. हे ओळखणाऱ्या १९९३ च्या कामात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा मोठा वाटा होता. खाल्लेलं प्रत्येक अन्न शरीराला परकंच असतं, पण आतड्याभोवतीच्या पेशी रोज ते तपासतात आणि 'जाऊ दे' म्हणतात. हजारो पदार्थांच्या बाबतीत आयुष्यभर हे असंच चालतं. कधीतरी एखाद्या पदार्थाच्या बाबतीत हा निवाडा फिरतो. तपासणाऱ्या पेशी त्या प्रथिनाचे तुकडे टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींना दाखवतात, टी-पेशी प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना चुकीचा निरोप देतात आणि बी-पेशी त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बनवायला लागतात. या वेळी माणसाला काहीही जाणवत नाही. तो जेवून ढेकर देऊन झोपतो.

ही आयजीई रक्तात दोन-तीन दिवसच टिकते. पण ती मास्ट पेशींवर जाऊन बसली की आठवडेच्या आठवडे तिथे राहते. मास्ट पेशी त्वचेखाली, नाका-घशात, श्वासनलिकांत, आतड्यांत, म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे शरीराला शिवतं तिथे असतात. त्यांच्या पोटात दाणेच दाणे भरलेले. १८७८ मध्ये पॉल एर्लिखला त्या खाऊनपिऊन तट्ट झाल्यासारख्या दिसल्या, म्हणून त्याने त्यांना हे नाव दिलं. ते दाणे अन्नाचे नसतात. त्यांत हिस्टामिन आणि तशीच जहाल रसायनं असतात. आयजीईचा पाय मास्ट पेशीत रुतलेला आणि दोन हात बाहेर. पुढच्या वेळी कोळंबी आली आणि तिच्या प्रथिनाने शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडलं, की पेशीला इशारा मिळतो आणि ती मिनिटभरात सगळे दाणे बाहेर ओतते.

आता तुमच्या पत्रातली ती रात्र यासोबत वाचा. हिस्टामिन मज्जातंतूंना लागलं, तळहात खाजले. त्वचेतल्या केशवाहिन्या फुगल्या, त्यांच्या भिंती झिरपू लागल्या, रक्तातलं पाणी बाहेर येऊन साचलं, तीच गांध. ओठांची कातडी सैल, तिथे तेच पाणी साचून सूज आली. आतड्याचे स्नायू आवळले, उलटी झाली. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले, सूं सूं आवाज आला. आणि डोळ्यांपुढची अंधारी? अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडून झिरपायला लागल्या की रक्तदाब कोसळतो. तीव्र रिॲक्शनमध्ये रक्तवाहिन्यांतला तिसरा हिस्सा द्रव दहा मिनिटांत बाहेर झिरपू शकतो. अशा माणसाला कधीही उभं करू नये, चालवू नये. मी शिकत असताना एका रुग्णाला बरं वाटायला लागलं म्हणून तो खाटेवरून उठून मोरीकडे निघाला आणि दारातच कोसळला. तो वाचला, पण ते दृश्य मी विसरलेले नाही. आडवं झोपवायचं, पायांखाली उशी द्यायची. धाप लागत असेल तर पाय लांब करून टेकून बसवायचं. उलटी होत असेल तर कुशीवर.

मांडीतलं इंजेक्शन ॲड्रिनलिनचं होतं. वर सांगितलेलं सगळं ते उलट फिरवतं: सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं, मास्ट पेशींनाही आवरतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू मोठा आणि रक्ताने भरलेला, तिथून औषध लवकर पसरतं, म्हणून मांडी. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या हिस्टामिनची बसायची जागा तेवढी अडवतात. खाज आणि गांधी त्याने कमी होतात, पण श्वास आणि रक्तदाब सावरायला त्या पुरत नाहीत आणि त्यांना वेळही लागतो. रात्रभर ठेवून घेतलं तेही योग्यच होतं. मास्ट पेशींनी बोलावलेल्या इतर पेशी काही तासांनी येऊन पोहोचतात आणि काही जणांत सगळं पुन्हा सुरू होतं.

कंबरदुखीच्या गोळीचं तुम्ही आठवणीने लिहिलंत, ते फार बरं केलंत. दुखण्यावरच्या काही गोळ्या, दारू, जेवणानंतरचे श्रम किंवा व्यायाम, अंगात ताप, यांपैकी काही सोबतीला असलं की तीच कोळंबी जास्त भडका उडवते. दिवाळीनंतर चार गांधींवर भागलं आणि आता दवाखाना गाठावा लागला, त्याचं एक कारण ती गोळी असू शकतं. पण म्हणून 'गोळी न घेता खाल्ली तर चालेल' असा हिशेब यजमानांना मांडू देऊ नका. मागची रिॲक्शन सौम्य होती म्हणून पुढची सौम्यच होईल, असं ॲलर्जीत कधीच धरता येत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मला हसण्यावारी न्यायचं नाही. अंगावर उठलेल्या गांधींना आपण पिढ्यान्पिढ्या 'पित्त उठलं' म्हणत आलो आणि आमसूल लावत आलो. गार पाण्याने खाज जराशी शमतेही. पण यकृतातून येणाऱ्या पित्ताचा या गांधींशी संबंध नाही, हे त्यांना मायेने सांगा. नुसत्या गांधी असतील तर आमसुलाने काही बिघडत नाही. मात्र गांधींसोबत श्वास, आवाज घोगरा होणं, ओठ-जिभेची सूज, उलट्या किंवा चक्कर यांतलं काहीही असेल, तर आमसुलात गेलेली दहा मिनिटं फार महाग पडतात.

आणि काढा नको. यजमानांची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. ती भलत्याच ठिकाणी लढते आहे, तिला आणखी जोर देऊन काय साधणार? आयजीई आणि मास्ट पेशींची ही फौज मुळात जंत, गोचिडी अशांना हाकलण्यासाठी तयार झाली असावी, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. खाजवा, शिंका, ओका, पातळ शौचाला जा: परजीवी बाहेर फेकायच्याच या रीती आहेत. कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिनसारखंच प्रथिन जंतांत, झुरळांत आणि गादीतल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांतही असतं. त्यामुळे शरीराची ही गल्लत अगदीच अनाकलनीय नाही.

आता स्वयंपाकघर. कोळंबी बंद म्हणजे लहान-मोठी सगळी बंद. सोडे बंद, जवळा बंद, करदी बंद. वाळवून, तळून, उकळून हे प्रथिन मोडत नाही. कुर्ल्या आणि शेवंड यांतही जवळजवळ तेच प्रथिन आहे, म्हणून त्याही नकोत. तिसऱ्या, कालवं, माकुल हे वेगळ्या कुळातले. काहींना चालतात, काहींना नाही. तपासणी होईपर्यंत ते थांबवा. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील मात्र यजमानांनी खुशाल खावेत. माशाच्या ॲलर्जीला कारण होणारं प्रथिन निराळं असतं आणि त्यांना माशाने कधी त्रास झालेला नाही. कोळंबी तळलेल्या तेलात सुरमई तळायची नाही, पळी आणि तवा वेगळा. शिजणाऱ्या कोळंबीच्या वाफेनेही काहींना त्रास होतो, तेव्हा ते घरात असताना ती शिजवूच नका. सुकी मासळी घेताना बोंबलाच्या ढिगात शेजारचा जवळा मिसळलेला नाही ना, हे पाहून घ्या. बाहेर जेवताना तर तेलाचं विचारायलाच हवं.

बांगड्याबद्दल एक वेगळीच गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढे गोंधळ व्हायला नको. बांगडा, कुपा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना राहिले तर जिवाणू त्यांच्याच मांसात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. हुबेहूब ॲलर्जी वाटते, पण हे हिस्टामिन माशातून आलेलं असतं, मास्ट पेशींतून नाही. पानावर बसलेल्या दोघा-तिघांना एकदम झालं तर आधी माशाच्या ताजेपणावर संशय घ्या. उपचार मात्र डॉक्टरांकडेच.

मुलीची कोळंबी बंद करू नका. वडिलांकडून ॲलर्जीची प्रवृत्ती येऊ शकते, कोळंबीचीच ॲलर्जी येते असं नाही. ती आजवर खात असेल आणि काही होत नसेल, तर शरीराची त्या पदार्थाशी असलेली मैत्री तोडायचं कारण नाही. घाबरून पदार्थ टाळल्याने ॲलर्जी टळते, ही जुनी समजूत शेंगदाण्याच्या बाबतीत तर खोटीच ठरली. लंडनमध्ये सहाशेहून जास्त बाळांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त धोका असलेल्या ज्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात त्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. मुलीला कोळंबी आजोळी खाऊ द्या, किंवा बाबा बाहेरगावी असतील तेव्हा. खाऊन झाल्यावर साबणाने हात, चूळ भरून तोंड, आणि मगच बाबांच्या गळ्यात.

तपासणीसाठी पुण्या-मुंबईच्या ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा, पण रिॲक्शननंतर चार-सहा आठवडे जाऊ द्या. हातावर अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का ते पाहतात. प्राउस्निट्झच्या कातडीवर उठली तशीच ही गांध. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या, ते विचारून घ्या. कोळंबीविरुद्धची आयजीई रक्तातूनही मोजता येते. मात्र शंभर पदार्थांची एकगठ्ठा तपासणी कुणी सुचवली तर पैसे घालवू नका. अंगात आयजीई सापडणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. ज्या पदार्थाने कधी त्रास झाला नाही, त्याचाही आकडा वर येतो आणि माणूस उगाच डाळ-तांदूळसुद्धा सोडून बसतो. आयजीजी हे दुसरंच प्रतिपिंड मोजून खाण्याची यादी देणाऱ्या चाचण्यांना तर ॲलर्जीत काहीच अर्थ नाही.

मोठेपणी सुरू झालेली कोळंबीची ॲलर्जी सहसा जात नाही. हे यजमानांना सांगताना तुम्हाला वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय. किनाऱ्यावरच्या माणसाला कोळंबी सोडायला सांगणं सोपं नाही.

ॲड्रिनलिन घरात आणि त्यांच्या खिशात असायला हवं. टोचायला सोपं पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे दर दुकानात मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून ॲम्प्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर भरून, धरून शिका. प्रौढ माणसाला एका वेळी साधारण अर्धा मिलिग्रॅम देतात. यजमानांसाठी नेमकी किती खूण, ते डॉक्टरांकडून सिरिंजवर दाखवून घ्या. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस लागतो, तेव्हा दोन ठेवा. आधी मांडीत इंजेक्शन, मग १०८ ला फोन, हा क्रम उलटा करू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. पाकिटात 'कोळंबी-खेकड्याची तीव्र ॲलर्जी' अशी चिठ्ठी राहू द्या.

त्या रात्री मदतीला सगळ्यात आधी सासूबाईच धावल्या. तुम्ही घरी नसाल तेव्हाही त्याच असतील. म्हणून इंजेक्शन शिकायला जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या. औषधाला फ्रिज नको, पण ऊन आणि चुलीची धग लागता कामा नये. मुदतीची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि आमसुलाची बरणी जिथे असते त्याच फडताळात, तिच्या पुढ्यात, तो डबा ठेवा. त्यांचा हात आधी तिकडेच जातो.

तुमची,
डॉक्टरताई